ढगाच्या वासराचं शेवटचं प्रकरण

प्रज्ञा,

तू खोटारडी आहेस. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तुझ्याबद्दल चांगलं बोलायला त्या दिवशी हॉलभर लोक होते आणि त्यांनी ते काम मन लावून केलं. मराठी मंडळाचे अध्यक्ष बोलले, तुझ्या कंपनीतला तो उंच अमेरिकन मॅनेजर बोलला. तुझा मिलिंद बोलायला उठला आणि नुसताच उभा राहून खाली बसला. माझ्या हातात माइक दिला तेव्हा मी मान हलवून तो परत केला. सगळ्यांना वाटलं, वीणाची वाचा बसली. बसलीच होती. आता ती परत आली आहे आणि आधी तुझ्याशी भांडणार आहे.

पण तो दिवस तुला सांगायला हवा, कारण त्यातलं निम्मं तुला आवडलं असतं. मिलिंदने इथल्या विहारातले श्रीलंकेचे भन्ते बोलावले होते. ते त्यांच्या चालीत त्रिशरण म्हणू लागले आणि तुमची नागपूरची मंडळी आपल्या चालीत. भन्ते थांबले, मंडळीही थांबली, मग दोघांनी पुन्हा एकदमच सुरू केलं. तू असतीस तर माझ्या दंडाला चिमटा काढून हसू दाबलं असतंस. मला ते शब्द धड येत नाहीत, मी नुसते ओठ हलवत होते. तुझ्या आईचा व्हिडिओ कॉल माझ्या हातात होता. फोन उंच धरून हात भरून आला होता. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "वीणा, तिच्या अंगात स्वेटर आहे नं? तिकडं बर्फ पडून राहिला म्हणे."

मी म्हटलं, आहे काकू. नव्हता. पांढरी साडी होती. मीच नेसवली होती, आणि निऱ्या खोचताना सवयीने तुला विचारलंही होतं, "घट्ट झाली का गं?"

अमेरिकेतल्या या ट्रॉय गावात आठ मैलांच्या आत किमान शंभर मराठी घरं असतील, आणि तरी शनिवार सकाळी मला जायला एक ठिकाण उरलेलं नाही. तुला निरोप दिल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी जुन्या सवयीने लायब्ररीत गेले. आपली ती काचेची छोटी खोली तुझ्या कार्डावर बुक असायची, तू ती रद्द केलीच नव्हतीस, अजून तुझ्याच नावावर होती. काउंटरवरच्या बाईने हसून विचारलं, "तुमची मैत्रीण मागून येतेय का?" मी हो म्हटलं. आत जाऊन लॅपटॉप उघडला, समोरची खुर्ची जरा मागे ओढून ठेवली, आणि वेळ संपेपर्यंत बसून राहिले. मला वेड लागलंय असं वाटत असेल तर वाटू दे.

आपलं भांडण सुरू कसं झालं ते आठवतं? मी रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. ही मुलं मराठीत प्रश्न विचारला की इंग्रजीत उत्तर देतात आणि इंग्रजीत विचारला की घड्याळाकडे बघतात. तू लेकीला, यशूला, सोडायला यायचीस आणि बर्फात परत कुठे जायचं म्हणून मागच्या बाकावर बसायचीस. एका रविवारी माझी कोल्ह्याची गोष्ट संपल्यावर, मुलं गेल्यावर, तू जवळ येऊन म्हणालीस, "राग मानू नको, पण तुझ्या गोष्टी फार शहाण्या आहेत. सगळ्यात शेवटी कोणी तरी शिकवूनच राहिलं. पोरं बोअर होणार नाहीत तर काय?"

मी पुण्याची. मला असं कोणी तोंडावर सांगत नाही, माघारी सांगतात. मी म्हटलं, "मग तू आण की बाई चांगली गोष्ट."

पुढच्या रविवारी तू आणलीस. कव्हर निघालेलं, पानं पिवळी पडलेली जपानी कादंबरी. जपानी शिकत असताना तू अख्खं वाचलेलं पहिलं पुस्तक. तिकडे म्हणे आजीनेही वाचलेलं असतं आणि नातवानेही. त्याचा लेखक कधीच वारला होता, आणि त्याने मुलांसाठी एवढं एकच मोठं पुस्तक लिहिलं होतं असं तू सांगितलंस.

गोष्ट अशी. समुद्राकाठी मीठ पिकवणाऱ्यांचं गाव. सायो आणि नात्सू या दोन मैत्रिणी, दहा-दहा वर्षांच्या. एका वादळात ढगाचं एक वासरू कळपातून चुकतं आणि गावच्या विहिरीत पडतं. रात्रभर विहिरीतून हंबरण्याचा आवाज येतो, पण तो फक्त या दोघींना ऐकू येतो. सकाळी नात्सू दोराला धरून खाली उतरते, वासरू वर येतं, आणि त्याला त्याच्या कळपाकडे पोचवायला दोघी डोंगर चढू लागतात. आपण त्या पुस्तकाचं मराठी नाव शेवटपर्यंत ठरवलं नाही. आपल्या बोलण्यात ते 'ढगाचं वासरू' होतं.

शनिवारी तू एकेक वाक्य मनात वाचायचीस आणि तुझ्या मराठीत सांगायचीस. मी ते माझ्या मराठीत टाइप करायचे. रविवारी मुलांना ते प्रकरण मिळायचं. तू सांगायचीस, "वासरू काऊन रडून राहिलं, सायोले समजेना." मी लिहायचे, "वासरू का रडतंय ते सायोला कळेना." तू वाकून स्क्रीनवर बघायचीस आणि म्हणायचीस, "झालं, पुण्यात नेऊन ठेवलं माझं वासरू." मी म्हणायचे, तुला जपानी येतं पण मराठी लिहिता येत नाही. हे मी किती वेळा म्हटलं असेन देव जाणे. गंमतीने म्हणायचे, पण मनातून मला तसंच वाटायचं.

सुरुवातीलाच तू मला बजावलं होतंस की यात एक जण मरते. मी लगेच अडून बसले. मागच्या वर्षी एका गोष्टीत म्हातारा बैल मेला तर एका आईने मला फोन करून अर्धा तास ऐकवलं होतं. मुलं आठ-दहा वर्षांची, त्यांना मरणाबिरणाचं कशाला? मी म्हटलं, "तिला नुसती आजारी पाड. नाही तर दूरच्या गावी पाठव."

तू चष्मा काढून ठेवलास. भांडायच्या आधी तू तो काढायचीस. "मी दिवसभर काय करते माहीत आहे नं तुला?" तू म्हणालीस. "जपानी इंजिनिअर अन् इथले प्लँटवाले यांच्या मधात बसते. तो म्हणाला पार्ट भंगार आहे, तर मी भंगारच सांगते. याने शिवी दिली तर मी शिवी सांगते. मागं एकदा मी जरा गोड करून सांगितलं, तर दोन महिने सगळे घोळात. आपण हमाल आहोत, वीणा. पेटी इकडून उचलायची, तिकडं ठेवायची. वरून काही टाकायचं नाही, आतलं काही काढायचं नाही."

मी हात टेकले. तुझ्यासमोर मी नेहमीच टेकायचे. आणि खरं सांगायचं तर मला तुझा तो ताठपणा आवडायचा. या देशात सगळे सगळ्यांना 'ग्रेट जॉब' म्हणत असतात. तू एकटी होतीस जी मला म्हणायची, हे वाक्य मेलं आहे, परत कर.

मग दर शनिवारी मी धास्तावून यायचे. नात्सू मरणार की सायो, तेसुद्धा तू सांगत नव्हतीस. बसल्या बसल्या विचारायचे, "आज?" तू पान उलटायचीस आणि म्हणायचीस, "आज नाही."

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी तू नववं प्रकरण उघडलंस आणि बराच वेळ नुसती वाचत राहिलीस. बोट पानावर होतं. मी दोनदा विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, अवघड आहे. मग पुस्तक तसंच उघडं ठेवून सांगायला लागलीस. त्या दिवसापासून तुझं सांगणं बदललं. तू डोळे मिटायचीस, मध्येच थांबायचीस, एखादं वाक्य परत घ्यायचीस. पुढे काही आठवड्यांनी तू मला तुझ्या आजाराच्या रिपोर्टबद्दल सांगितलंस, आणि मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणून. औषधांनी डोकं जड होत असेल बिचारीचं. मी तुझ्यासाठी थर्मासमध्ये पेज आणायला लागले. पेज पिऊन तू पुढचं सांगायचीस.

आणि काय सुंदर होती गं ती प्रकरणं! त्यात फार काही घडत नाही. सायो पुढे चालते, वासरू तिच्या हाताशी आणि नात्सू मागून. मागून ती सायोला एकेक सांगत राहते. आरसा नसला तर वेणी कशी घालायची. शिळं दूध न पिता कसं ओळखायचं. कोणाच्या घरी जेवायला बसलं आणि रडू आलं तर पाण्याचा घोट कसा धरून ठेवायचा. एका प्रकरणात दोघी कडकडून भांडतात आणि दिवसभर बोलत नाहीत, आणि संध्याकाळी नात्सू म्हणते, माझ्यावर रागावून घे, मी कुठे जात नाही. वर्गात हे वाचताना तो कायम खुर्ची वाजवणारा मुलगासुद्धा गप्प झाला होता. यशू पुढच्या बाकावर हनुवटी टेकून ऐकत होती.

मी तुला म्हटलं, "ही नात्सू दहा वर्षांची आहे की चाळीसची?" तू एवढी हसलीस की खोकला लागला. मी म्हटलं, "आणि ही सारखी मागेच का चालते? एकदा पुढे येऊ दे की." तू म्हणालीस, मुळात तसंच आहे. मी म्हटलं, "या लेखकाला मुलींचं मन काय कळलंय! असं मराठीत कोणी लिहीत नाही बघ." तू खिडकीकडे तोंड केलंस. मला वाटलं, थकलीस.

शेवटचं एकच प्रकरण उरलं होतं. तोवर लायब्ररीत येणं तुला जमत नव्हतं, मीच तुझ्याकडे यायचे. तुझी खाट हॉलमध्ये खिडकीशी आणलेली, पुस्तक उशाशी. मी म्हणायचे, आज संपवून टाकू. तू म्हणायचीस, आज नाही, पुढच्या शनिवारी. मला राग यायचा. एवढं एक प्रकरण करायला काय झालं, मरायच्या आधी हातून एक काम पुरं होईल, असं माझ्या मनात आलं होतं. हो, आलं होतं. मग एक शनिवार आला आणि त्याच्या आदल्या दिवशी तू गेलीस.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी यशू वर्गात आली. मुलांना घरून सांगून पाठवलं होतं, कोणी काही बोललं नाही. वर्ग सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मावशी, डज नात्सू गेट होम?"

मी म्हटलं, शेवटचं प्रकरण राहिलंय बाळा.

"आय नो. आई सेड यू हॅव इट." मग माझ्याकडे बघून मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आई म्हणाली, शेवट वीणामावशी सांगेल."

माझ्याकडे कुठे होतं, प्रज्ञा? मला जपानी भाषेतलं अक्षर कळत नाही. पुस्तक सरळ कुठून धरायचं तेही तूच शिकवलं होतंस. मुलीला असं सांगून मोकळी झालीस, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस.

म्हणून मी मोरी-सान या जपानी बाईंना फोन केला. तुझ्या कंपनीतल्या, निवृत्त झालेल्या, तुझ्या अंत्यविधीला मागच्या रांगेत बसून सगळ्यांत शेवटी उठलेल्या. आम्ही एका बेकरीत भेटलो. त्यांनी माझ्यासाठी संत्री आणली होती. मी तुझ्या उशाशी असलेलं ते पुस्तक पुढे केल्यावर त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाल्या, हे मी आईच्या मांडीवर ऐकलं आहे. मी म्हटलं, शेवटचं प्रकरण तेवढं सांगा, म्हणजे नात्सू घरी पोचते की वाटेत जाते ते कळेल.

"व्हिच नात्सू?" त्या म्हणाल्या. "नात्सू इज नॉट देअर."

मला वाटलं, इंग्रजीचा घोटाळा आहे. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं, नववं प्रकरण काढलं आणि हळूहळू सांगितलं. ढगांच्या माळावर सायो मागे वळून बघते तर बर्फासारख्या पांढऱ्यावर पावलांची एकच रांग. तिची स्वतःची. तेव्हा तिला आठवतं की विहिरीतून वासरूच वर आलं होतं. दोर रिकामा आला होता. नात्सू आलीच नव्हती. पुढची सगळी प्रकरणं सायो एकटीच चालते, वासरू पोचवते, एकटी परत येते. शेवटी ती नात्सूच्या आईच्या दारात उभी राहून सांगते काय झालं ते, आणि दोघी मिळून त्या विहिरीचं पाणी काढतात आणि पितात. एवढंच. जपानमधली सगळी मुलं नवव्या प्रकरणाला रडतात, मोरी-सान म्हणाल्या, मीसुद्धा रडले होते.

मी विचारलं, "वेणी घालायला शिकवते ते? दुधाचं? भांडण होतं ते?"

त्यांनी मान हलवली. असं काही यात नाही.

मी गाडीत येऊन बसले. लायब्ररीतल्या बाईला तू मागून येते आहेस असं सांगणारी मी, तेव्हा पहिल्यांदा ओरडून रडले. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, आर यू ओके? मी त्याला मराठीत काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हमाल आहोत म्हणे! पेटी उघडायची नाही म्हणे! सगळी पेटी रिकामी करून तू स्वतःच आत जाऊन बसलीस आणि मला उचलायला लावलंस. नववं प्रकरण आलं त्याच आठवड्यात तुझा रिपोर्ट आला होता. मिलिंदला मी विचारलं, म्हणून सांगते. तू ते पान वाचलंस, तुझं पोर रविवारी पुढच्या बाकावर बसून ते ऐकणार हे तुला कळलं, आणि ताठ मानेची, एक शब्द इकडचा तिकडे न करणारी प्रज्ञा त्या पानापाशी मोडली. मला का नाही सांगितलंस? मी तर आधीपासून म्हणत होते, तिला मारू नको. मी तुझ्याच बाजूची होते. वाटेल तेवढं खोटं मी तुझ्यासोबत बसून लिहिलं असतं.

की मी हसेन असं वाटलं तुला? वर्षभर जिला मराठी लिहिता येत नाही असं ऐकवलं, ती स्वतः लिहितेय हे कळल्यावर मी लाल पेन काढेन असं वाटलं? प्रज्ञा, मी त्या जपानी लेखकाचं म्हणून जे जे कौतुक केलं ते सगळं तुझं होतं गं. ते ऐकायला तू होतीस एवढंच काय ते माझं नशीब. पण तुझं नाव घेऊन मी ते कधीच म्हटलं नाही, आणि आता तुझं नाव घेऊन म्हणतेय तर ऐकायला तू नाहीस.

घरी येऊन मी ती प्रकरणं पुन्हा वाचली. मला एकच शोधायचं होतं. तू नात्सूला घेऊन कुठे निघाली होतीस? तिला घरी पोचवणार होतीस का? तसं असतं तर तू ते सांगून टाकलं असतंस, तुला वेळ होता. की तुला शेवटच सुचत नव्हता, म्हणून दर शनिवारी 'आज नाही'? की सुचला होता आणि तोंडातून निघत नव्हता? वाचून वाचून माझं डोकं फिरलं. तू काही म्हणजे काही मागे ठेवलेलं नाहीस. डोळे मिटून सांगायचीस, आणि जे सांगितलंस तेवढंच आहे.

मिलिंदकडे गेले. स्वयंपाकघरात लोकांनी आणून दिलेल्या डब्यांची चवड होती, झाकणांवर कोणाकोणाची नावं चिकटवलेली, आणि तो त्या डब्यांसमोर उभा राहून ब्रेड खात होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. पण त्याला आश्चर्यही वाटलं नाही.

"वीणाताई," तो म्हणाला, "यशू सध्या काही बोलत नाही. फक्त ही स्टोरी कशी संपते तेवढं विचारते. तुम्ही नात्सू घरी पोचली म्हणून सांगा. प्लीज. एवढंच करा."

"आणि मोठी झाल्यावर तिने पुस्तक वाचलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा पाहू नं," तो म्हणाला आणि तोंड फिरवून नळ सोडला. धुवायला काहीच नव्हतं.

आठवडाभर मी दोन्ही शेवट लिहून पाहिले. नात्सूला घरी पोचवलं तर ते वाचताना माझाच मला संताप यायचा. पोरीची आई घरी येणार नाही, आणि मी तिला सांगू की चालत राहिलं की सगळे पोचतात? तिने दार उघडून बघितलं तर? आणि खरा शेवट लिहायला घेतला की तू चालवलेली ती सगळी प्रकरणं मध्ये उभी राहायची. इतके महिने मागून बोलणारी ती मुलगी, तिला एका वाक्यात पुसायचं? तुला दुसऱ्यांदा कोण जाळणार? मी नाही. माझ्याच्याने नाही झालं. कळपाच्या अलीकडे, डोंगराच्या शेवटच्या चढावर, तुझं शेवटचं वाक्य आहे तिथेच फाइल थांबलेली आहे.

काल रविवार. मिलिंदला जमत नव्हतं, म्हणून यशूला घ्यायला मीच गेले. तिच्या वेणीचा भांग वाकडा होता. आम्ही शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावली. बारीक बर्फ पडत होता. मुलं दप्तरं सांभाळत आत पळत होती, आया थर्मास हातात घेऊन दारात गप्पा मारत होत्या. मी गाडी बंद केली. यशूने बेल्ट सोडला नाही.

"टेल मी फर्स्ट," ती म्हणाली. "बिफोर द अदर किड्स. प्लीज, मावशी."

मी मिलिंदने सांगितलेलं सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. नात्सू घरी पोचली, एवढे तीन शब्द. पण तिचे डोळे तुझे आहेत गं, आणि तुझ्या डोळ्यांसमोर मला कधीच खोटं बोलता आलं नाही. तुला ते एवढं सहज कसं जमलं?

"नात्सू विहिरीतून वर आलीच नव्हती, यशू," मी म्हटलं. "नुसतं वासरू वर आलं. ती नाही आली."

मी टिश्यू काढून ठेवले होते. ती रडली नाही. गणित सोडवताना आठी घालते तशी आठी घातली तिने.

"पण ती चालत होती," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, प्रज्ञा, पूर्ण वाक्य. "सायोच्या मागे. ती बोलत होती. मग ती कोण होती?"

"तुझी आई," मी म्हटलं.

ती समोरच्या काचेकडे बघत राहिली. काचेवर बर्फ साठत होता आणि पलीकडची शाळा दिसेनाशी झाली होती. मला वाटलं, आता तरी रडेल, मग मी तिला जवळ घेईन, मग आम्ही दोघी रडू आणि ते एक होऊन जाईल. तिने फक्त विचारलं, "अँड नाऊ? आता सायोच्या मागे कोण आहे?"

'मी आहे ना' हे माझ्या जिभेवर आलं होतं. सोपं होतं. बाहेरच्या कुठल्याही आईने तेच सांगितलं असतं. पण तिला मी नको होते. मलाही मी नको आहे, मला तू हवी आहेस. आत घंटा झाली, दारातल्या आया पांगल्या, आणि ती पोर बेल्ट न सोडता माझ्या तोंडाकडे बघत बसली.

शेवट वीणामावशी सांगेल म्हणालीस ना तिला? मग ये, आणि मला सांग. ती अजून बघते आहे.